मास्तरांची गाठोडी

लिंगराज मास्तर आफ्रिकेतून परत आले तेव्हा वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं, तरी त्यांनी अंगातला जाड कोट काढला नव्हता. सोनपेठच्या स्टँडवर उतरल्यापासून लोक “शरणार्थ मास्तर, शरणार्थ” म्हणत, हात जोडत मागं चालायला लागले. कुणी ट्रंक उचलली, कुणी ट्रान्झिस्टर. कोटाला मात्र मास्तरांनी कुणाला हात लावू दिला नाही.

घरी सिद्धम्मानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. सात वर्षांनी नवरा दारात उभा होता. ती एवढंच म्हणाली, “कोट तरी काढा की. बघूनच उकडायलंय.”

“काढतो. जरा थांब,” म्हणत मास्तर मागच्या खोलीत गेले.

ती चहा घेऊन गेली तेव्हा खाटेवर कोट उलटा पडला होता आणि त्याच्या आतल्या खिशांतून काढलेल्या दोन कापडी पिशव्या शेजारी होत्या. एकीची गाठ सुटलेली. मास्तरांच्या तळहातावर नारळाएवढं काहीतरी गोल बसलं होतं. काळपट तपकिरी, मधेमधे हळदीचे हात पुसल्यासारखे डाग. तिला वाटलं, तिकडचं एखादं फळ असंल. तिनं बोट लावलं. फळ गार होतं, आणि बोट लागताच ते स्वतःभोवती आणखी आवळलं. मग त्या गुंडाळीतून एक चपटं तोंड बाहेर आलं.

कपबशी फुटली. चहा मास्तरांच्या पायावर सांडला. तरी त्यांनी हातातलं खाली ठेवलं नाही.

“हे चावत न्हाई,” ते म्हणाले. “अजगराच्या जातीचं हाय, पण लहानच राहतं. भ्यालं की असा गोळा होतो. डोकं आत. तिकडं माझ्या खोलीत यायचे. तिकडं यांना कुणी मारत न्हाई.”

“मग इकडं कामून आणले?”

मास्तरांनी बराच वेळ विचार केला. गणिताचा मास्तर, उत्तर आल्याशिवाय तोंड न उघडणारा. शेवटी म्हणाले, “काय की.”

सिद्धम्मानं सात वर्षं प्रश्न साठवून ठेवले होते. नायजेरियात शाळांना मास्तर पाहिजेत म्हणून ते गेले ते दोन वर्षांसाठी. घरात मूलबाळ नव्हतं, सासू-सासरे गेले होते, दीर सिद्धलिंग शेजारच्याच घरात आपल्या बायकापोरांत. दोनाची चार वर्षं झाली, चाराची सात. पत्रांत मास्तर पावसाबद्दल लिहायचे, पोरांना भूमिती येत नाही म्हणून लिहायचे. मनातलं काही लिहायचे नाहीत. आल्यावर बोलतील, असं ती धरून चालली होती. आल्यावर ते मागच्या खोलीत लाकडी खोक्याला जाळी ठोकत बसले.

ती त्या जनावरांना साप म्हणत नसे. गाठोडी म्हणायची. एक मोठं गाठोडं, एक धाकटं. मोठी मादी आणि धाकटा नर, हे मास्तरांनी सांगितलं. कशावरून, ते तिनं विचारलं नाही.

गल्लीत ही गोष्ट फार दिवस लपली नाही. समोरची चतुराबाई, माणिकरावांची बायको, एकदा सूप मागायला आली आणि मागच्या दारातून ओरडतच बाहेर पळाली, “घोणस! मास्तरच्या घरात घोणस शिरली!” शेतात घोणस पाहिलेल्या माणसाला ते डाग बघून दुसरं काय वाटणार? घटकाभरात काठ्या घेऊन माणसं जमली. मास्तर उंबऱ्यावर आले ते धाकटं गाठोडं गळ्यात घालूनच. लोक मागं सरले. कुणी म्हणालं घोणसच हाय, मास्तरानं दात काढलेत. कुणी म्हणालं अजगराचं पिल्लू. एक म्हातारा लांबूनच हात जोडून गेला. नागपंचमीला बाया दूध-लाह्या घेऊन आल्या, तेव्हा मास्तर म्हणाले, “हे दूध पीत न्हाई.” बायांना राग आला. चतुराबाई म्हणाली, “मग काय पितंय? चा?”

ते काय खातंय, हीच तर सिद्धम्माची खरी अडचण होती. लिंगायताचं घर. गळ्यात इष्टलिंग. त्या घरात अंड्याचं टरफल कधी आलं नव्हतं. आणि आता सिद्धलिंगच्या भुसार दुकानातून, पोत्यामागं लावलेल्या पिंजऱ्यात, उंदीर यायचे. जिवंत. मास्तर पिंजरा घेऊन मागच्या खोलीत गेले की ती पुढच्या ओसरीवर येऊन बसायची आणि लिंग मुठीत धरायची. महादेवाच्या गळ्यात साप असतो हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तो काय खातो, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

संध्याकाळी मास्तर खोक्यापुढं बसून बोलायचे. मराठीत नाही, इंग्रजीत नाही, त्या तिकडच्या भाषेत. हळू, लाडानं. ती पीठ मळता मळता ऐकायची. आपल्याशी हा माणूस इतकं सलग कधी बोलला होता, ते तिला आठवेना. याचा राग यावा का? पण सापाचा मत्सर करायचा म्हणजे काय करायचं, तेही कळेना.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मोठ्या गाठोड्यानं अंडी घातली. मास्तर इतके खूश झाले की त्यांनी तिला हाताला धरून दाखवायला नेलं. पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटलेली. मादीनं त्यांना वेढा घातला होता. मास्तरांनी ती अलगद सोडवून घेतली, पत्र्याच्या डब्यात कापूस घालून ठेवली, वर बल्ब लावला. “ऊब सारखी पाहिजे,” म्हणाले. उन्हाळ्यात सोनपेठची लाईट कधी सारखी राहिलीय? कधी बल्ब विझायचा, कधी एवढा तापायचा की डब्याला हात लावता येईना. महिनाभरात आंबूस वास सुटला. मास्तरांनी ती अंडी परसात शेवग्याखाली पुरली आणि दिवसभर जेवले नाहीत.

सिद्धम्मा ताट घेऊन उभी राहिली. माणूस गेलं तर काय बोलायचं ते माहीत असतं. गाय गेली तरी माहीत असतं. सापाची अंडी नासली तर?

“घ्या दोन घास,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी घालील की.”

मास्तरांनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू ती आत्ताच कुठूनतरी घरात आली होती. मग त्यांनी ताट घेतलं.

पुढचं वर्ष आलं, पण त्याआधी पौषात मास्तरांच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी दात घासता घासता खाली बसले ते उठले नाहीत. परभणीला दवाखान्यात ठेवलं. घरी आणलं तेव्हा उजवा हात-पाय गेला होता, तोंड एका बाजूला ओढलं होतं आणि वाचा बंद होती.

ओसरीवर खाट टाकली. दोन-तीन दिवस नुसता घशातून आवाज. मग एका दुपारी सिद्धम्मा चुलीपुढं असताना हाक आली.

“दिम्मा.”

ती धावत आली. मास्तर तिच्याकडं पाहत होते. “दिम्मा,” ते परत म्हणाले. पहिलं अक्षर गळालेलं, दुसरं जरा बोबडं, पण बाकी स्पष्ट.

ती तिथंच खाटेच्या कडेला बसून रडली. लग्न झाल्यापासून मास्तरांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. ‘अगं’, ‘ऐकलं का’, नाहीतर नुसतं खाकरणं. आता जिभेवर दुसरं काहीच उरलं नव्हतं आणि उरलं होतं ते तिचं नाव. चतुराबाईला तिनं तसंच सांगितलं. चतुराबाईनंही डोळ्याला पदर लावला. “नशीबवान हाईस माय,” म्हणाली.

दिवसातून पन्नास वेळा ‘दिम्मा’ व्हायचं. पाणी पाहिजे असलं तरी, कूस बदलायची असली तरी, काहीच नको असलं तरी. ती प्रत्येक वेळी जायची.

गाठोड्यांचं काय करायचं, हा विषय सिद्धलिंगनं काढला. दीर तसा सरळ माणूस. “वैनी, दादाचंच करता करता तुमी हैराण झालाव,” तो म्हणाला. “त्यात ही बला. गारुड्याला देऊन टाकू. न्हाईतर गोदावरीकाठी सोडून येतो.”

“त्यांना विचारा.”

सिद्धलिंग खाटेजवळ वाकला. “दादा, साप सोडून देऊ का?”

“दिम्मा,” मास्तर म्हणाले.

“बघा, हो म्हणायलेत.”

“हो कुठं म्हणले? माझं नाव घेतलं. म्हणजे मला विचारा म्हणायलेत.”

“मग तुमी सांगा.”

ठेवावं असं वाटत नव्हतं, टाकावं असंही वाटत नव्हतं. “राहू द्या आत्ता,” ती म्हणाली. “ते उठले की बघतील.” मास्तर उठणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

म्हणजे आता उंदीर तिनंच द्यायचा. आधी तिनं चार-आठ दिवस तसेच काढले. खोक्यातून काही आवाज येत नव्हता, तरी रात्रंदिवस कुणीतरी उपाशी बसलंय असं वाटत राहायचं. त्या आठवड्यात जंगमस्वामी भिक्षेला आले. तिनं पाया पडून विचारलं, “स्वामी, घरात एक जीव हाय. त्याला दुसरा जीव दिला तर पाप, का उपाशी मारला तर पाप?”

स्वामींनी झोळी खाली ठेवली. त्यांनाही कुणी असं विचारलं नसावं. “दोन्हीकडं थोडं थोडं हाय, अव्वा,” ते म्हणाले, आणि तिच्या हातावर भस्माची वडी ठेवून निघून गेले.

तिनं कपाळाला भस्म लावलं, पिंजरा उचलला आणि मागच्या खोलीत गेली. खोक्याचं दार उघडून पिंजऱ्याचं तोंड आत केलं आणि डोळे मिटले. एक झटका ऐकू आला. मग काहीच नाही. बाहेर येऊन ती ओसरीच्या पायरीवर बसली. “दिम्मा,” मास्तर खाटेवरून म्हणाले. “दिलं बाई, दिलं,” ती म्हणाली.

माघ संपता संपता मोठं गाठोडं खायचं थांबलं; मधल्या फळीपलीकडचं धाकटं मात्र खायचं. मोठ्याकडं सोडलेला उंदीर तसाच फिरत राहायचा, शेवटी परत काढावा लागायचा. आधी तिला सुटल्यासारखं वाटलं, मग काळजी लागली. आपल्या हातचं खात नाही की काय? खोक्यात मास्तरांनी एक फुटका माठ आडवा ठेवला होता, लपायला. फाल्गुनात एक दिवस तिनं वाकून पाहिलं तर गाठोडं माठात शिरून बसलं होतं आणि त्याच्या विळख्यातून पांढरं काही दिसत होतं.

ती मास्तरांकडं धावली. “अवो, अंडी घातली! आता काय करू? काढून घेऊ, का राहू देऊ?”

मास्तरांचा डोळा चमकला. डावा हात उचलला गेला. “दिम्मा,” ते म्हणाले. “दिम्मा, दिम्मा.”

“काय दिम्मा? काढू का?”

“दिम्मा.”

“राहू देऊ?”

“दिम्मा.”

मागच्या वर्षी काढली ती नासली, एवढं तिनं पाहिलं होतं. म्हणून तिनं काढली नाहीत. पण न काढल्यानं टिकतील असंही कुणी सांगितलं नव्हतं. चैत्राची झळ सुरू झाली तशी अंडी पोचे पडल्यासारखी दिसायला लागली. पाणी द्यावं का? पिण्याच्या माठाला ओलं फडकं गुंडाळतात तसं तिनं त्या माठाला गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, ओलीनं कुजतील, म्हणून काढलं. मग परत गुंडाळलं. एक दिवस ओलं, एक दिवस कोरडं, असंच चाललं. मादी विळखा सोडत नव्हती. अधूनमधून तिचं अंग थरथरायचं. ताप असंल का? सापाला ताप येतो का?

शेवटी तिनं जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. रंगनाथ डॉक्टर तरुण होता, परभणीला शिकलेला. जाळीतून पाहून त्यानं मान हलवली. “काकू, गाई-म्हशीचं काहीही विचारा. याचं मला पुस्तकातसुद्धा कधी भेटलं न्हाई.” मग थोडं थांबून म्हणाला, “परभणीला शेतीच्या कॉलेजात एक पोरगा शिकायलाय. नायजेरियाचाच. मेसमधे ओळख झाली. आणू का त्याला? त्याला ठाऊक असंल.”

ते दोघं एका रविवारी येणार होते, पण त्या दिवशी नामांतरासाठी बंद होता आणि एसट्या सुटल्या नाहीत. आले ते पुढच्या रविवारी. पोरगा उंच, शांत, इस्त्रीचा शर्ट घातलेला. नाव इकेना. गल्लीतली पोरं मागोमाग ओसरीपर्यंत आली. भिंतीवर चुन्यानं लिहिलेल्या अक्षरांकडं बोट करून त्यानं रंगनाथला विचारलं, काय लिहिलंय. विद्यापीठाच्या नावावरून चाललंय, असं रंगनाथनं सांगितलं.

“सिर्फ नाम के लिए?” इकेनानं विचारलं.

“नुसतं नावाचं न्हाई ते,” रंगनाथ म्हणाला, आणि त्याला आत घेऊन आला.

इकेना मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेला, जाळीकडं पाहिलं आणि तिथूनच मागं फिरला. त्याला सापांची भीती वाटत होती. मोडक्या हिंदीत त्यानं सांगितलं की त्याच्या आईच्या गावी याला देवाचं मानतात. चुकून मारला तर माणसासारखं पुरतात. पण तो स्वतः शहरात वाढला, चर्चमध्ये जातो, आणि अंड्यांबद्दल त्याला काहीच माहीत नाही. “घर में कौन रखता है?” तो उलट सिद्धम्मालाच विचारायला लागला. “वहाँ भी कोई नहीं रखता. सर क्यों रखे?”

“हमकू क्या मालूम, बाबा,” सिद्धम्मा म्हणाली. “हम तो तुमकू पूछनेवाले थे.”

तिनं त्याला चहा दिला. तो ओसरीवर मास्तरांच्या खाटेजवळ बसला. म्हाताऱ्या माणसाशी काहीतरी बोलावं म्हणून तो वाकला आणि आपल्या भाषेत म्हणाला, “केदु?”

मास्तरांचं अख्खं तोंड हललं. ओढलेली बाजूसुद्धा. ते म्हणाले, “ओ दि म्मा.”

इकेना मोठ्यानं हसला. त्याला फार आनंद झाला होता. “सर को याद है!” तो म्हणाला.

“क्या याद है?” सिद्धम्मानं विचारलं. तिच्या हातात बशी होती.

“मैं पूछा, कैसे हो. सर बोले, ओ दि म्मा. मतलब, अच्छा है. सब ठीक है.”

“वो मेरा नाम लेते,” ती म्हणाली. “सिद्धम्मा. मेरा नाम है.”

इकेनानं रंगनाथकडं पाहिलं. रंगनाथनं खाली पाहिलं. “फिरसे पूछो,” ती म्हणाली. इकेनानं परत विचारलं. मास्तर परत तेच म्हणाले, तसंच हसून, तिच्याकडं न बघता, त्या पोराकडं बघत.

पाहुणे गेले. ती चुलीपुढं बसली, पण चूल पेटवली नाही. एकेक ‘दिम्मा’ तिला आठवायला लागला. गादी ओली झाली होती तेव्हा ते दिम्मा म्हणाले. म्हणजे बरं आहे? भाताचं शीत घशात अडकून डोळे पांढरे झाले होते, त्यानंतर दिम्मा. सिद्धलिंगनं साप सोडू का विचारलं, तेव्हा दिम्मा. आणि ती खाटेच्या कडेला बसून रडली होती, त्या पहिल्या दुपारी, तेव्हा? आपण कुणाच्या हाकेला धावत होतो?

“दिम्मा,” ओसरीवरून आवाज आला.

ती गेली नाही. दाराआड उभी राहून फटीतून पाहत राहिली. परत आवाज आला, जरा मोठा. बरंच वाटत असेल तर मोठ्यानं कशाला सांगतील? आणि तिलाच बोलवत असतील तर मघाशी त्या पोराकडं बघून का म्हणाले? तिसऱ्यांदा आवाज आला नाही. मास्तर छताकडं पाहत पडून राहिले. संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी ती पेज भरवत असतानाही ते एक अक्षर बोलले नाहीत. त्या शांततेनं ती जास्तच घाबरली. तिसऱ्या दिवशी ती न बोलावताच जाऊन उशाशी बसली, पाणी पाजलं, अंग पुसलं.

सिद्धलिंगच्या कानावर सगळं गेलं होतं. “वैनी, काय मनाला लावून घ्यायलाव,” तो म्हणाला. “आमाला तर तुमचंच नाव ऐकू येतंय.”

“तुमाला ती भाषा कुठं येती?”

“तुमाला तरी कुठं येती?”

ती उठून माठाचं फडकं बघायला गेली.

वैशाख अर्धा सरला असेल. सकाळी माठाचं फडकं ओलं करायचा दिवस की कोरडं ठेवायचा, हे आठवत ती खोक्यापाशी वाकली आणि तशीच थांबली. एका अंड्याला चीर पडली होती. चिरेतून करंगळीच्या टोकाएवढं तोंड बाहेर आलं होतं आणि जीभ काढून हवा चाखत होतं. मादी विळखा सैल करून बाजूला पडली होती, एवढी वाळलेली की कणा दिसत होता.

“अवो!” ती ओरडली. “अवो, या हो! नका येऊ, थांबा! भाऊजी!”

सिद्धलिंग दुकान टाकून आला. दोघांनी मास्तरांना लाकडी खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून मागच्या खोलीत नेली. दारातून येईना, म्हणून तिरकी केली. मास्तर एका बाजूला कलंडले, तिनं खांद्यानं सावरलं. खोक्यासमोर त्यांना आणून ठेवलं तोवर दुसऱ्या अंड्यालाही चीर गेली होती.

मास्तर पाहत राहिले. डावा हात गुडघ्यावरून उचलला आणि जाळीवर टेकवला. त्यांचं तोंड वाकडं झालं, खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. हसतायत की रडतायत, ते त्या ओढलेल्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं. सिद्धलिंगनं वहिनीकडं पाहिलं. वहिनीलाही ठाऊक नव्हतं.

ती त्यांच्यासमोर खाली बसली. तोंडात तो परका शब्द गोळा केला आणि म्हणाली, “केदु?”

मास्तरांनी जाळीवरचा हात काढला. तिच्याकडं टक लावून पाहिलं. ओठ हलले, पण शब्द आला नाही. ना हा, ना तो. नुसतेच पाहत राहिले, एखाद्या पोरानं वर्गात भलताच प्रश्न विचारावा तसे. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पदर घसरेपर्यंत.

तीन पिल्लं निघाली. बाकीची अंडी तशीच राहिली, आत काही नव्हतं. ओलीमुळं तीन आली का कोरड्यामुळं बाकीची गेली, का उलटं, हे कुणाला कळायचा मार्ग नव्हता. रंगनाथ डॉक्टर दोन पिल्लं भोकं पाडलेल्या डब्यात घालून परभणीला आपल्या कॉलेजात घेऊन गेला. तिथं ती काचेच्या पेटीत बरीच वर्षं होती म्हणतात. इकेनानं ती एकदा लांबून पाहिल्याचं रंगनाथनं सांगितलं.

तिसरं पिल्लू डॉक्टर यायच्या आधीच खोक्याच्या फटीतून गेलं. घर झाडून झालं, पोती हलवली, सिद्धलिंगचं दुकान उपसलं. सापडलं नाही. त्या पावसाळ्यात गल्लीत सगळ्यांचीच पंचाईत झाली. कुठं डागाचा साप निघाला की लोक काठी उगारायचे आणि तशीच धरून उभे राहायचे. “अरे, मास्तरचं तर नसंल?” मग कुणीतरी सिद्धम्माला बोलवायला यायचं. ती यायची, लांबूनच पाहायची आणि सांगायची, “गोळा होतंय का बघा. झालं तर आमचं.” कुणी गोळा झालं नाही. चतुराबाई म्हणायची, “माय, मी तर आता दोरीलाबी शरणार्थ करायले.”

मास्तरांचं बोलणं परत सुरू झालं, पण पहिल्यासारखं नाही. दिवसातून एखाद-दुसरा ‘दिम्मा’. सिद्धम्मा कधी जायची, कधी बसल्या जागेवरून “होय होय” म्हणायची. दोन्हींपैकी कोणतं उत्तर बरोबर, हे तिनं ठरवायचं सोडून दिलं होतं असं नाही. ठरत नव्हतं, एवढंच.

श्रावणात एका सोमवारी, पूजा आटोपल्यावर, सिद्धलिंगचा पोरगा पिंजरा ठेवून गेला. आज सोमवार, आज नको, असं तिच्या मनात आलं. पण मोठं गाठोडं माठाबाहेर येऊन जाळीशी तोंड लावून बसलं होतं. अंडी घालायच्या आधीपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. तिनं पिंजऱ्याचं तोंड आत केलं. उंदीर बाहेर आला, भिंतीकडनं सरकला, थांबला. गाठोड्याची मान मागं गेली आणि सुटली. दोन वेढे पडले. उंदराचा मागचा पाय थोडा वेळ हलला.

सगळं संपल्यावर तिच्या ध्यानात आलं की या वेळी आपण डोळे मिटले नव्हते. हे चांगलं झालं का वाईट, ते तिला कळलं नाही. तिनं हात राखेनं घासून धुतले आणि ओसरीवर आली. मास्तर जागे होते. त्यांनी डावा हात उचलून मागच्या खोलीकडं केला आणि भुवया वर घेतल्या.

“खाल्लं,” ती म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. बाहेर सरीवर सर येत होती आणि परसातल्या गोवऱ्या भिजत होत्या. ती डोक्यावर पोतं घेऊन त्या उचलायला गेली.